नळी बसल्याची नोंद आहे, तापाची नाही



मागच्या महिन्यात जळगावला आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी एक विषय मांडला आणि दोन मिनिटांत तो बाजूला पडला. पित्तनलिका बंद झालेल्या रुग्णाच्या यकृतात बरगड्यांमधून सुई घालून पित्त बाहेर काढायची एक प्रक्रिया असते. तिला पीटीबीडी म्हणतात. ती आपल्या भागातल्या रुग्णांवर होते तेव्हा तिचा दर्जा कोण तपासतं, एवढाच माझा प्रश्न होता. एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "ताई, अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे, आणि तुम्ही पित्ताची नळी काढून बसलात." दुसऱ्यांचं म्हणणं होतं की हा डॉक्टरांचा विषय, आपल्याला त्यातलं काय कळतं. तिसऱ्यांनी तर विषयच संपवला: "योजनेत फुकट होतंय ना? मग?"

त्या दिवशी मला तिघांनाही नीट उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर द्यायचं तर मामांबद्दल बोलावं लागलं असतं आणि ते बैठकीत जमणार नव्हतं. इथे लिहिते.

माझे मोठे मामा चोपडा तालुक्यात केळीच्या कापणीवर जायचे. जन्मभर खांद्यावरून घड वाहिले. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून निघत नाही, त्यामुळे त्यांचे सगळे सदरे उजव्या खांद्यावर तपकिरी असत. शाळा सातवीपर्यंत झालेली. पण गावच्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन त्यांच्याकडे असायचं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी तासभर. आवाज भरदार, आणि अडलेल्या शब्दाजवळ ते थांबायचे, पुढे रेटून न्यायचे नाहीत. हे का सांगते आहे ते पुढे येईल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ३१ जुलै होता. त्या दिवशी धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसं जमतात, कारण १९३७ साली बाबासाहेब तिथे मुक्कामी होते. आमचा पुस्तकांचा स्टॉल होता. पाऊस, गर्दी, भीमगीतांचे कर्णे. मामींचा फोन आला. मामांच्या अंगाला पंधरा दिवस खाज सुटली आहे, रात्रभर झोपत नाहीत, आणि आज शेजारीण म्हणाली की डोळे पिवळे दिसतात. मी ओरडून सांगितलं, "तालुक्याला दाखवा, मी आठवड्याने येते." आठवड्याने गेले नाही. पुढे मोर्चा होता, मग आणखी काही होतं.

मी गेले तोवर तीन आठवडे झाले होते आणि मामांच्या गळ्यात माळ होती. कावीळ उतरवायची माळ. खानदेशात ती कुठून मिळते हे कोणालाही विचारा, बोट दाखवतील. वनस्पतीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या विशिष्ट गाठींत बांधलेले असतात. तुकडे वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, माळ लांब होते, आणि कावीळ उतरते आहे असं माणसाला वाटतं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, तोही प्रयोग झाला होता. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हे प्रयोग गावोगाव उघडे करून दाखवत आले आहेत, मी स्वतः दोन शिबिरांत दाखवले आहेत. माझ्याच मामांच्या गळ्यात ती माळ बेंबीपर्यंत आली होती. ग्रंथ वाचणारा माणूस माळ का घालतो, असं मी रागाने विचारलं. मामा म्हणाले, "तू येस म्हणे, मी वाट दखी." तू येणार होतीस, मी वाट पाहिली. मला पुढे बोलता आलं नाही.

साध्या काविळीत ही माळ निभावून जाते, कारण विषाणूमुळे झालेली कावीळ बऱ्याच वेळा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. अडथळ्याच्या काविळीचं तसं नसतं. यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं. ते नळीवाटे आतड्यात जायला हवं. वाट बंद झाली, मग ती खड्याने असो वा गाठीने, की पित्त रक्तात उलटतं. लघवी चहासारखी, शौच पांढरट मातीसारखं, आणि खाज, जी मलमाने जात नाही. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर माळ, देवडांगरीचे नाकातले थेंब, उसाचा रस यांत एकही दिवस घालवायचा नाही, त्याच दिवशी सोनोग्राफी करायची. हे प्रत्येक आशाताईच्या, प्रत्येक विहाराच्या फळ्यावर असायला हवं. आमच्या गावच्या विहाराच्या फळ्यावर आता आहे.

सोनोग्राफीत यकृतातल्या नळ्या फुगलेल्या निघाल्या. आधी एका ठिकाणी तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट टाकायचा प्रयत्न झाला, गाठ वरच्या बाजूला असल्यामुळे तो जमला नाही. मग पीटीबीडी ठरलं. कुठे, ते लिहीत नाही. माझं भांडण एका इमारतीशी नाही, आणि त्या डॉक्टरांच्या हाताला मी नावही ठेवणार नाही. सोनोग्राफी सेंटरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण हे काम करणारा हात शोधावा लागतो. मिळाला, हे नशीबच.

काम काय असतं ते थोडक्यात. उजव्या बरगड्यांच्या मधून किंवा पोटाच्या वरच्या भागातून बारीक सुई यकृतात जाते. सोनोग्राफी आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत ती फुगलेल्या पित्तनलिकेत पोचवायची. औषधी रंग सोडून नळ्यांचा नकाशा काढायचा. मग सुईतून तार, तारेवरून नळी. नळी अडथळ्याच्या पलीकडे आतड्यात उतरली तर उत्तम, पित्त आपल्या जागी जातं. नाही उतरली तर सगळं पित्त बाहेर पिशवीत. यात दोन मोठे धोके. एक रक्तस्राव, कारण पित्त आतड्यात न गेल्याने के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून आधी रक्त तपासायचं, इंजेक्शन द्यायचं. दुसरा जंतुसंसर्ग. साचलेल्या पित्तात जंतू वाढलेले असतात, सुई-तारेच्या हालचालीने ते रक्तात उतरतात. म्हणून अँटिबायोटिक सुई घालण्याआधी द्यायचं.

आता संमतीपत्र. कागद इंग्रजीत, दोन पानं. कर्मचाऱ्याने तो मामांपुढे धरला आणि दुसऱ्या हाताने शाईचा पॅड पुढे केला. विचारलं नाही, सही येते का. मळका सदरा, गावाचं नाव, आणि फाइलवरचं आडनाव. एवढ्यावर त्याने ठरवलं की हा अंगठेबहाद्दर. मामांनी पॅडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा दिला. वर्षावासात शंभर माणसांपुढे ग्रंथ वाचणाऱ्या माणसाने अंगठा दिला. मी नंतर विचारलं, का? तर म्हणाले, सही केली असती तर कागद वाचला असं झालं असतं. मी वाचला नाही, तर सही कशाला करू? अंगठाच बरोबर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात संमती म्हणजे काय ते स्पष्ट केलं आहे. आजार काय, उपचार काय, त्यातले धोके कोणते, दुसरा पर्याय कोणता, उपचार नाकारला तर काय होईल, हे रुग्णाला कळेल इतपत सांगितल्यानंतर घेतलेली ती संमती. मामांच्या अंगठ्यात यातलं काहीच नव्हतं. मी त्या दिवशी डॉक्टरांना विचारलं होतं, तुमच्याकडे वर्षाला अशा किती नळ्या बसतात, आणि त्यातल्या किती लोकांना नंतर ताप येतो? प्रश्न साधा होता. उत्तर आलं, "मॅडम, विश्वास नसेल तर मुंबईला न्या." हे उत्तर ज्याला मुंबईला नेणं परवडत नाही त्यालाच दिलं जातं, हा माझा दहा वर्षांचा अनुभव आहे.

नळी बसली. दुपारपर्यंत पिशवीत हिरवट-पिवळं पित्त आलं, चौथ्या दिवशी बिलिरुबिन निम्म्यावर, खाज गेली. मामा पहिल्यांदा रात्रभर झोपले. मामी रडल्या. हे सगळं खरं आहे आणि मी ते विसरत नाही. या प्रक्रियेने माणसाला किती सुख मिळतं ते ज्याने खाजेची रात्र पाहिली आहे त्याने सांगावं.

डिस्चार्जच्या कागदावर सगळं इंग्रजीत. पिशवी किती वेळा रिकामी करायची, पित्त मोजून लिहायचं का, नळी सलाइनने धुवायची का आणि कोणी, अंघोळ कशी करायची, नळी किती दिवसांनी बदलायची, यातलं एकही वाक्य मराठीत नाही. फोन नंबर नाही. मी उलटसुलट विचारून काही लिहून घेतलं, पण नळी धुवायची असते हे मला माहीतच नव्हतं, तर विचारणार काय?

नवव्या रात्री मामांना हुडहुडी भरली. गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजत होते. मग ताप, बडबड. पिशवी कोरडी. नळी तुंबली होती. तालुक्यातल्या डॉक्टरांनी नळीकडे पाहून हात मागे घेतले. त्यांना दोष देत नाही, त्यांनी अशी नळी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. १०८ची गाडी आली, रात्री अडीचला आम्ही एका वेगळ्याच रुग्णालयात पोचलो. तिथे सलाइन, अँटिबायोटिक, दोन दिवसांनी नळी बदलली. वाचले. पुढे मुंबईला नेलं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथल्या रुग्णालयात एका सिस्टरने मामींना समोर बसवून पंधरा मिनिटांत नळी धुवायला शिकवलं. पंधरा मिनिटं, घड्याळ पाहिलं होतं मी. गाठ कॅन्सरची निघाली. मामा आणखी पाच महिने होते. त्या पाच महिन्यांत ताप एकदाही आला नाही.

आता मुद्दा असा की मामांची पहिली नळी ज्या रुग्णालयात बसली, तिथल्या रजिस्टरमध्ये ती यशस्वी आहे. नळी नलिकेत गेली, पित्त आलं, रुग्ण घरी गेला. नवव्या रात्रीचा ताप दुसऱ्या रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये आहे, आणि तिथे तो 'ताप' म्हणून आहे. दोन कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. मामांचा ताप कोणाच्याच हिशेबात नाही.

हे मोजता येत नाही का? येतं. अमेरिकेतल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी सोसायटीने १९९७ सालीच या प्रक्रियेच्या दर्जाचे निकष छापले, २०१० साली सुधारले. मी सोशिऑलॉजीची विद्यार्थिनी, वैद्यकाची नाही, पण हा मजकूर वाचायला डॉक्टर असावं लागत नाही. नळ्या फुगलेल्या असतील तर शंभरातल्या ९५ रुग्णांत सुई नलिकेत पोचली पाहिजे. फुगलेल्या नसतील तर काम कठीण, तिथे अपेक्षा कमी. रक्तात जंतू पसरण्याची मोठी गुंतागुंत साधारण अडीच टक्के रुग्णांत होते, मोठा रक्तस्रावही तेवढाच. ही प्रमाणं पाच टक्क्यांच्या वर गेली, किंवा सगळ्या मोठ्या गुंतागुंती मिळून दहा टक्क्यांच्या वर गेल्या, तर त्या विभागाने थांबून आपलं काम तपासायचं. इंग्लंडमध्ये २००६ ते २००९ या काळात डॉक्टरांनी आपण होऊन अशा नळ्यांची देशभर नोंद ठेवली. त्यात दिसलं की नळी बसवलेल्या दर पाच रुग्णांपैकी जवळपास एक त्याच भरतीत रुग्णालयातच दगावतो, कारण हे रुग्ण मुळातच फार आजारी असतात. हा आकडा त्यांनी दडवला नाही, छापला. मग कोणाला नळी घालावी, कोणाला घालू नये, यावर त्यांच्यात चर्चा झाली.

एक गंमत सांगते. त्वचेतून सुई घालून पित्तनलिकांचं चित्र काढायचं काम पहिल्यांदा छापून आलं ते युरोपातून नाही, फ्रेंचांच्या ताब्यातल्या हनोईहून, १९३७ साली. दोन लेखकांपैकी एक व्हिएतनामी होता. म्हणजे बाबासाहेब लांडोर बंगल्यावर होते त्याच वर्षी. आणि आज वापरतात ती बारीक 'चिबा' सुई जपानच्या चिबा विद्यापीठाच्या नावाची. तेव्हा हे 'गोऱ्यांचे निकष, आपल्याला कशाला' असं कोणी म्हणू नये. ज्ञान आशियातलंच आहे. आपल्याकडे राहिली आहे ती फक्त वही.

यावर डॉक्टर मित्र दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही हलके नाहीत. पहिला असा की, धुळे-जळगावच्या एखाद्या रुग्णालयात वर्षाला आठ नळ्या बसत असतील तर एक रुग्ण दगावला की साडेबारा टक्के. या आकड्याला काय अर्थ? बरोबर आहे. म्हणून टक्के एका वर्षाचे काढायचे नाहीत, तीन-पाच वर्षांचे काढायचे, आणि तोपर्यंत प्रत्येक बिघडलेल्या केसवर बसून बोलायचं. आठच असतील तर आठांच्या घरी फोन करायला किती वेळ लागतो? मोठ्या शहरात जे कठीण आहे ते इथे सोपं आहे.

दुसरा आक्षेप मला रात्री झोपू देत नव्हता. डॉक्टरांचे आकडे बाहेर टांगले तर डॉक्टर अवघड रुग्ण घेणंच सोडतील. आणि अवघड रुग्ण कोण? जो तीन आठवडे माळ घालून आला, ज्याचं रक्त गोठत नाही, ज्याला आधीच ताप आहे. म्हणजे आपलेच लोक. आकडे चांगले ठेवायला आपल्यालाच 'मुंबईला न्या' सांगतील. हा धोका खरा आहे. पण निकष लिहिणाऱ्यांनीही तो ओळखला आहे. त्यांनी ठरवलेली मर्यादा ही शिक्षेची रेषा नाही, तपासणी सुरू करायची रेषा आहे, आणि रुग्ण कसे येतात त्यानुसार ती खाली-वर करावी असं त्यातच म्हटलं आहे. माझी मागणी म्हणूनच डॉक्टरांच्या नावांचा तक्ता दारावर लावा अशी नाही. प्रत्येक नळीची एक ओळ लिहा: आजार काय होता, रक्त तपासलं का, अँटिबायोटिक आधी दिलं का, नळी बसली का, तीस दिवसांनी माणूस कसा आहे. आणि नाकारलेल्या रुग्णाचीही एक ओळ लिहा, का नाकारलं ते. नकार नोंदला गेला की नाकारणं महाग पडतं.

नोंद ठेवायला यंत्रणा नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला सोनोग्राफीचंच उदाहरण द्या. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा आला. आज कुठल्याही तालुक्याच्या सेंटरवर गर्भवतीची सोनोग्राफी झाली की एफ फॉर्म भरावाच लागतो, अपुरा भरला तरी मशीनला सील लागू शकतं. तेच मशीन, तोच डॉक्टर. सरकारने ठरवलं की वही निघते.

आता माझ्या तिसऱ्या सहकाऱ्याकडे येते. फुकट होतंय ना, मग?

राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर आली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि २०२३च्या शासन निर्णयाने दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं. पिवळ्या-केशरी कार्डवाल्या किती घरांची शेती या योजनेने वाचवली ते मी जवळून पाहिलं आहे, तिला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण योजना पैसे देते ते केलेल्या कामाचे. नळी घातली, फोटो जोडला, बिल मंजूर. नळी तिसाव्या दिवशी चालू आहे का, हे बिल विचारत नाही. पंधरा मिनिटं शिकवणाऱ्या सिस्टरचं बिलात नाव नाही. अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेचा दर्जा तीन ठिकाणी बघायला सांगितला होता: साधनं काय आहेत, काम कसं केलं, आणि माणसाचं पुढे काय झालं. आपल्याकडे पहिल्याची उद्घाटनं होतात, दुसऱ्याची बिलं होतात, तिसरं गावात, गोधडीखाली घडतं.

आणि 'फुकट' हा शब्दच मला टोचतो. संविधानाच्या ४७व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य सांगितलं आहे. कर्तव्याला फुकट म्हणत नाहीत. दान घेणाऱ्याने दर्जा विचारायचा नसतो, ही दानाची रीत आहे. आपण ती गावच्या उकिरड्यावर टाकून आलो त्याला किती वर्षं झाली! हक्क मागणाऱ्याने मात्र मोजून घ्यायचं असतं. जळगावच्या शासकीय रुग्णालयात जून २०२०मध्ये बेपत्ता झालेली ८२ वर्षांची कोरोनाबाधित आजी आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृत सापडली, ते आठवा. वॉर्डात रोज खाटा मोजल्या जात असत्या तर आठ दिवस लागले नसते. तिथे कमी पडलं ते यंत्र नव्हतं, औषध नव्हतं. मोजणी होती.

पहिल्या सहकाऱ्यांचं म्हणणं, हा आपला प्रश्न नाही. मामांच्या वॉर्डात पित्ताच्या पिशव्या कोण रिकाम्या करत होतं ते त्यांनी पाहायला हवं होतं. नातेवाईक नसेल तिथे सफाईवाली मावशी. कंत्राटावरची, हातमोज्यांशिवाय. तिचं आडनाव मी विचारलं नाही, विचारायची गरज पडत नाही. अमेरिकेच्या निकषांत सुईची जाडी आहे, रक्ताचे आकडे आहेत. पिशवी उचलणाऱ्या हाताबद्दल एक ओळ नाही. ती आपणच लिहायची आहे, कारण तो हात आपला आहे. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनी मामांच्या पिशवीचा वास येतो म्हणून मध्ये पडदा मागितला होता. वास सगळ्यांच्याच पित्ताला येतो. त्या ओळीत तीन पिशव्या होत्या, पडदा एकाच खाटेला मागितला. ही गोष्ट सिद्ध करता येणार नाही, म्हणून अॅट्रॉसिटीच्या फाइलमध्ये जाणार नाही. म्हणून ती नाहीच, असं मात्र माझ्या ज्येष्ठांनी म्हणू नये.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. हा प्रसंग आपण सगळे सांगतो, चित्रंही लावतो. पण त्याला लागूनच जे आहे ते फार कमी सांगितलं जातं. तिथे रुग्णसेवकाचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावं. रुग्णाला काय सोसतं आणि काय नाही हे कळावं. त्याने मैत्रीने सेवा करावी, लाभासाठी नाही. मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलायची किळस नसावी. आणि रुग्णाला वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने धीर देता यावा. नुसती करुणा बाळगा असं सांगून तथागत थांबले नाहीत. सेवा नीट झाली की नाही ते तपासता येईल असे पाच मुद्दे ठेवले. यालाच आज दर्जाचे निकष म्हणतात. चौथा मुद्दा वाचताना मला ती मावशी आठवते आणि पडदा आठवतो.

दुसऱ्या सहकाऱ्यांना, ज्यांना हा डॉक्टरांचा विषय वाटतो, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत केस पेपर द्यावे लागतात. लेखी मागा, पोच घ्या. आणि खासगी रुग्णालयांसाठी २०२१च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे, ती दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी कोणाला भेटायला गेलात की भिंतीवर शोधा. नसेल तर काउंटरवर विचारा, नुसतं विचारा. मी विचारते तेव्हा पहिल्यांदा खुर्ची मिळते.

मी स्वतः काय केलं तेही सांगते. एका शासकीय रुग्णालयाला माहितीच्या अधिकारात चार गोष्टी विचारल्या: गेल्या तीन वर्षांत पीटीबीडी किती झाल्या, किती रुग्णांना तीस दिवसांत पुन्हा भरती करावं लागलं, किती दगावले, आणि रुग्णाला घरी जाताना मराठीत सूचनापत्र दिलं जातं का. पहिल्या प्रश्नाला आकडा आला. दुसऱ्या आणि तिसऱ्याला 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही'. चौथ्याला 'लागू नाही'. प्रथम अपील केलं आहे. संकलित नसेल तर रजिस्टरची पाहणी करू द्या, असं म्हटलं आहे. कायद्याच्या कलम २(जे)मध्ये तो हक्क आहे. सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

मामी येणार म्हणतात. चौथ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांनी एक कागद तयार ठेवला आहे. मुंबईच्या सिस्टरने शिकवलेलं सगळं त्यांनी सांगितलं आणि माझ्या मुलीने वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. नळी कशी धुवायची, पिशवी कमरेच्या खाली का ठेवायची, थंडी वाजली की सकाळची वाट न बघता का निघायचं. बारा ओळी आहेत. 'हा आपला कागद साहेबले दिसू,' म्हणतात, 'छापी टाका म्हणाव.'